प्लग बदलल्यावर इंजिन मिसिंग करू लागले तर

चांगल्या चालत्या गाडीचे स्पार्क प्लग केवळ मुदत भरली म्हणून बदलावेत आणि त्यानंतर पहिल्यांदा चावी फिरवताच इंजिनाने लंगडायला, म्हणजे मिसिंग करायला, सुरुवात करावी, हा अनुभव स्वतःच्या हाताने गाडीची देखभाल करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला केव्हातरी येतोच. अशा वेळी पहिला संशय नव्या प्लगांवर जातो, दुसरा प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या कॉइलवर, आणि दोष सापडण्याआधीच आणखी सुटे भाग आणण्याची तयारी सुरू होते. माझा सल्ला नेमका उलट आहे. तासाभरापूर्वी जे इंजिन ठीक चालत होते आणि आता चालत नाही, त्यात मधल्या काळात आपल्या हाताखेरीज दुसरे काही गेलेले नाही. म्हणून जिथे जिथे हात लागला त्या प्रत्येक जागी त्याच वाटेने परत जावे, आणि ती वाट पालथी घातल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

याला एक अपवाद आहे. प्लग बदलण्याचे कारणच मिसिंग हे असेल, म्हणजे गाडी आधीपासून धक्के मारत होती आणि नव्या प्लगांनी ती सुधारेल अशी आशा होती, तर शिल्लक राहिलेला दोष बहुधा जुनाच असतो आणि तो कॉइल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांच्याकडे शोधावा लागतो. पुढे दिलेल्या तपासण्या त्या वेळीही करायच्याच असतात, मात्र त्यांतून काही न सापडल्यास नवल वाटून घेऊ नये.

दिवा आणि कोड

डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटला असेल तर सावकाश घरापर्यंत जाता येते. तोच दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. लुकलुकण्याचा अर्थ असा, की न जळलेले पेट्रोल मोठ्या प्रमाणावर सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत पोहोचत आहे. ते तिथे जाऊन जळते, कन्व्हर्टर प्रमाणाबाहेर तापतो आणि आतली जाळी वितळून बसू शकते. एखादा सुटलेला कपलर (वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा जोड) शोधण्याच्या नादात इंजिन दहा-दहा मिनिटे स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवणे हाही त्याच नुकसानीचा रस्ता आहे. तपासणी इंजिन बंद ठेवून करावी आणि इंजिन केवळ पडताळणीपुरते चालू करावे.

गाडीच्या संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड साध्या ओबीडी स्कॅनरने वाचता येतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर (पेट न घेणे, म्हणजेच मिसिंग), पी०३०२ म्हणजे दुसऱ्याचा, याप्रमाणे पुढे. पी०३०० म्हणजे मिसफायर एका सिलिंडरपुरता मर्यादित नाही. पी०३५१ पासून पुढचे कोड कॉइलच्या सर्किटचे असतात आणि पी०२०१ पासून पुढचे इंजेक्टरच्या सर्किटचे. कपलर बसलेला नसेल तर मिसफायरच्या कोडसोबत यांपैकी एखादा बहुधा दिसतो, आणि मग अर्धे काम तिथेच संपते.

कोडची मर्यादाही लक्षात घ्यावी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी स्लोवर चालत असते तेव्हा प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेट घेतो. इंजिनाचा संगणक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, सेन्सरकडून प्रत्येक धक्क्यानंतरचा वेग मोजत राहतो आणि एखाद्या सिलिंडरच्या पाळीला वेग किंचित मंदावला की त्या सिलिंडरच्या नावावर नोंद करतो. म्हणजे कोणत्या सिलिंडरने जोर लावला नाही एवढेच कोड सांगतो, का लावला नाही ते तो सांगू शकत नाही. शिवाय एक क्रमांकाचा सिलिंडर कोणता, हे अंदाजाने ठरवू नये. बऱ्याच इंजिनांत तो पट्ट्याच्या बाजूचा असतो, पण सर्वच इंजिनांत नाही, आणि व्ही आकाराच्या इंजिनांत तर दोन्ही बाजूंची मोजणी गाडीच्या पुस्तिकेतच पाहावी.

मिसिंग नेमके केव्हा होते, हे कोड वाचण्याइतकेच उपयुक्त आहे. स्लोवर थरथरणारे इंजिन रेस दिल्यावर गुळगुळीत होत असेल तर कुठेतरी बाहेरची हवा ओढली जात आहे किंवा प्लगचा गॅप (ठिणगी जिथे उडते ती टोकाची फट) फार कमी आहे. स्लोवर ठीक पण चढावर किंवा जोरात पिकअप घेताना धक्के बसत असतील तर ठिणगी भलत्या मार्गाने निसटत आहे: तडकलेला प्लग, प्लगवर चढणारा रबरी बूट फाटलेला, जास्त गॅप. आणि स्लोपासून वरपर्यंत सारखेच लंगडत असेल तर एक सिलिंडर पूर्ण मेलेला आहे, ज्याचे कारण बहुधा सर्वांत साधे असते.

कपलरपासून सुरुवात

इंजिन बंद करून, चावी काढून, प्रत्येक कॉइलचा कपलर हाताने तपासावा. कपलर बसलेला दिसणे आणि लॉक लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनाच्या उष्णतेने प्लॅस्टिकची जीभ काही वर्षांत ठिसूळ होते, काढताना ती तुटते, आणि मग कपलर आत सरकतो पण धरून राहत नाही; इंजिनाच्या थरथरीने तो दोन मिलिमीटर मागे येतो एवढे पुरते. लॉक लागताना बारीक ‘टक्’ असा आवाज येतो आणि बोटाला तो जाणवतोही. माझ्याच गाडीवर एकदा चारांपैकी तीन टक् मी ऐकले होते आणि चौथा ऐकल्यासारखा वाटला होता. त्या संध्याकाळी मी प्लग दोनदा काढून पुन्हा बसवले, गॅप पुन्हा मोजले, आणि कपलरला मात्र ‘तो तर लावलाच आहे’ म्हणून हात लावला नाही. शेवटी वायर सहज मागे ओढून पाहिली तेव्हा तो अलगद माझ्या हातात आला. तेव्हापासून कपलर बसवल्यावर तो थोडा मागे ओढून पाहिल्याशिवाय मी पुढच्याकडे वळत नाही.

कपलरच्या तोंडात टॉर्च मारून आतल्या पिना एका पातळीत आहेत का तेही पाहावे, कारण तिरका ढकललेला कपलर एखादी पीन वाकवतो किंवा वायरसह मागे सरकवतो. कॉइल धरून ठेवणारा बोल्ट राहून गेला असेल तर कॉइल हळूहळू वर उचलली जाते. इंजेक्टरचे कपलर शेजारीच असल्याने हात अडकून तेही सुटलेले असू शकतात.

कॉइल थेट प्लगवर न बसता जाड वायरींतून ठिणगी जात असेल, तर वायरींची अदलाबदल हा पहिला संशय धरावा. चार सिलिंडरांच्या बहुतेक सरळ इंजिनांचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ असतो, आणि कॉइल पॅकवरच्या टोकांची मांडणी १-२-३-४ अशी असेलच असे नाही. त्यामुळे ‘जवळची वायर जवळच्या प्लगला’ हा नियम फसवतो. इथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या कॉइल पॅकमध्ये १ आणि ४ यांना एकाच वेळी ठिणगी मिळते, त्यात या दोन वायरी एकमेकींच्या जागी लागल्या तरी इंजिन नीट चालते, कारण ठिणगी दोघांनाही त्याच क्षणी मिळत असते. पण १ आणि २ यांची अदलाबदल झाली की दोन्ही सिलिंडर गप्प होतात आणि सायलेन्सरमधून किंवा हवेच्या नळीतून फटाकेही वाजतात. याच रचनेत १ आणि ४ हे दोन्ही, आणि केवळ हेच दोन, मिसिंग करत असतील तर त्यांची सामाईक कॉइल तपासावी.

प्लग पुन्हा बाहेर काढून पाहणे

कपलर आणि वायरी ठीक असतील तर ज्या सिलिंडरचा कोड आहे त्याचा प्लग बाहेर काढावा, तोही इंजिन थंड झाल्यावरच. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे खराब होण्याचा धोका असतो. काढण्याआधी प्लगच्या नळीत टॉर्च मारून पाहावे. तळाशी तेल साचले असेल तर वरच्या कव्हरचे सील गळत आहे आणि ते तेल आता बुटाच्या आत शिरले आहे. पाणी असेल तर ते बहुधा इंजिन धुतल्याचे आहे. दोन्ही पुसून, वाळवून, मगच पुढे जावे. कचरा किंवा वाळू असेल तर प्लग सैल करण्यापूर्वी दाबाच्या हवेने नळी साफ करावी, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते.

प्लग हातात आल्यावर त्याचे टोक ओले आणि पेट्रोलचा वास येणारे आहे की कोरडे, हे सर्वप्रथम पाहावे. ओले असेल तर पेट्रोल येत आहे पण ठिणगी पडत नाही. शेजारचे प्लग भुरकट होऊ लागलेले आणि हा मात्र अगदी कोरा, कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही, म्हणजे मोर्चा इंजेक्टरच्या कपलरकडे वळवावा.

त्यानंतर प्लगचा पांढरा चिनीमातीचा भाग उजेडात धरून हळूहळू फिरवावा. पाना तिरका लागला किंवा प्लग हातातून फरशीवर पडला तर चिनीमातीला केसासारखी तड जाते, आणि ती बहुधा षटकोनी भागाच्या लगत असते, जिथे पटकन नजर जात नाही. ठिणगी बाहेरून निसटत असेल तर त्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसते. नखाने खरवडली तरी ती जात नाही. ही रेघ सापडली की केवळ प्लग बदलून भागत नाही. तिची जोडीदार रेघ बुटाच्या आत उमटलेली असते आणि नवा प्लग त्याच बुटात घातला की वीज तीच वाट पुन्हा धरते; म्हणून प्लग आणि बूट दोन्ही बदलावेत. याउलट धातूच्या कड्याच्या लगत चिनीमातीभोवती दिसणारा तपकिरी पट्टा हा दोष नव्हे. उच्च दाबाच्या विजेमुळे हवेतले कण तिथे चिकटून तो डाग पडतो, आणि त्याला गॅस गळतीची खूण समजून चांगले प्लग फेकले जातात.

तडकलेला प्लग स्लोवर का चालतो आणि चढावर का दगा देतो, याचे उत्तर दाबात आहे. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो आणि त्या दाट हवेतून ठिणगी उडी मारण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. हजारो व्होल्टच्या त्या विजेला मग टोकाच्या गॅपपेक्षा तडीची वाट सोपी पडते.

गॅप मोजण्यासाठी तारेचा गेज वापरावा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, पण आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. ‘प्लग गॅप करूनच येतात’ यावर विसंबू नये, कारण खोक्यातून पडलेल्या प्लगचा गॅप एका आपटण्यात निम्मा होऊ शकतो. गॅप वाढवायचा झाल्यास फक्त बाहेरचा वाकलेला पाय हलवावा. इरिडियम प्लगचे मधले टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते आणि त्याला टेकू देऊन गेज फिरवला तर ते तुटते.

खोक्यावरचा क्रमांकही याच वेळी पुस्तिकेशी ताडून पाहावा. आट्यांची लांबी कमी असलेला प्लग आत पुरता पोहोचत नाही आणि जास्त असलेला पिस्टनवर आपटू शकतो. उष्णतेच्या श्रेणीचा, म्हणजे प्लग आपली उष्णता किती झटपट सोडतो याच्या मापाचा, घोटाळा तर फार सहज होतो: एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात श्रेणीचा आकडा वाढला की प्लग थंड होतो, तर बॉश आणि चॅम्पियन यांच्याकडे आकडा वाढला की तो गरम होतो, त्यामुळे एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लावून प्लग निवडता येत नाही. काही प्लगांच्या माथ्यावर फिरवून काढता येणारी छोटी टोपी असते. ती आपल्या बुटाला हवी आहे की नको, आणि हवी असल्यास घट्ट आहे का, हे पाहावे.

पुन्हा बसवताना

प्लग आधी हातानेच आट्यांवर फिरवावा. रबरी नळीचा तुकडा माथ्यावर चढवून फिरवल्यास आटे चुकल्याबरोबर नळी घसरते आणि हेड वाचते. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० आणि १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ इतका टॉर्क पुरतो. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर आणखी अर्धा ते दोन तृतीयांश फेरा द्यावा. शंकूच्या आकाराच्या बैठकीचा, म्हणजे वॉशर नसलेला प्लग मात्र एका फेऱ्याच्या सोळाव्या भागात घट्ट होतो. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावतात तो लेप) लावण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण बहुतेक प्लगांच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो आणि निसरड्या आट्यांवर तोच टॉर्क प्लगला प्रमाणाबाहेर ताणतो. सैल राहिलेला प्लगही तितकाच वाईट: कॉम्प्रेशन ‘फुस्’ करत बाहेर पडते, वॉशरभोवती काजळी दिसते, आणि प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नसल्याने तो तापत राहतो.

बूट बसवण्यापूर्वी आतली स्प्रिंग जागेवर आहे का ते पाहावे. गरम इंजिनावरून बूट ओढताना ती प्लगच्या माथ्यावर अडकून राहते किंवा बूट आतून फाटतो. बुटाच्या तोंडाशी आतून डायलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा अगदी पातळ हात पुरे. त्याने बूट गळ्याला चिकटत नाही आणि ओल आत जात नाही. ग्रीस भरून ठेवू नये.

अदलाबदलीची चाचणी

एवढे करूनही त्याच सिलिंडरचा कोड परत आला तर त्याची कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि त्या सिलिंडरची याच्यावर लावावी, कोड पुसावेत आणि इंजिन थोडा वेळ चालवावे. समजा पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर लावली आणि पी०३०१ च्या जागी पी०३०३ आला, तर दोष कॉइलसोबत फिरला, म्हणजे तो कॉइलचाच आहे. कोड पहिल्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग प्लगची अशीच अदलाबदल करावी. एका वेळी एकच वस्तू हलवावी आणि काय हलवले ते कागदावर लिहून ठेवावे, कारण कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवले की कोड फिरला तरी कशामुळे फिरला हे कळत नाही. जुने प्लग फेकले नसतील, आणि तेही सिलिंडरच्या क्रमाने ठेवले असतील, तर याहून सोपी चाचणी नाही: त्या सिलिंडरमध्ये त्याचाच जुना प्लग घालावा.

प्लग बदलताच कॉइल गेली हा निव्वळ योगायोगही नसतो. जुन्या प्लगचा गॅप झिजून वाढतो, कॉइल महिनोन् महिने जास्त व्होल्टेज देत राहते, तिचे आवरण कमकुवत होते आणि त्यात बूट ओढण्याचा धक्का बसला की ती मान टाकते. तरीही निदान अदलाबदलीनेच करावे.

कोणता सिलिंडर मेला आहे हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर ठिणगीची वायर ओढण्याची जुनी पद्धत मी वापरत नाही. हाताला झटका बसतो, मोकळी ठिणगी कॉइल किंवा संगणक बिघडवू शकते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचा कपलर क्षणभर काढावा. ज्याचा काढल्याने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. याने इंजेक्टर सर्किटचे कोड नोंदले जातील, ते नंतर पुसावेत.

हवेच्या नळ्या

प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी एअर फिल्टरचा डबा, हवेची जाड नळी किंवा इनटेक मॅनिफोल्ड काढला असेल तर लक्ष तिकडे वळवावे, विशेषतः मिसफायर अनेक सिलिंडरांवर पसरलेला असून स्लोवरच जास्त असेल तेव्हा. आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या इंजिनात त्या सेन्सरनंतरच्या भागातून शिरलेली हवा मोजली जात नाही, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि स्लोवर एकूण हवाच थोडी असल्याने या चोरट्या हवेचा वाटा सर्वांत मोठा ठरतो; पी०३०० सोबत पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड) आला तर आधी हाच संशय धरावा. नळीवरचा क्लॅम्प, क्रँककेसची ब्रीदर नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट पाहावे. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे सांध्यांवरून फिरवल्यास हवा ओढल्याचा सुस्कारा ऐकू येतो. फिरत्या पट्ट्यापासून मात्र हात आणि नळी दूर ठेवावी. गरम इंजिनावर पेटणारा स्प्रे मारून गळती शोधू नये.

याउपरही तोच सिलिंडर मेलेला असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. बाकीचे सिलिंडर जवळजवळ सारखे आणि हा एकटा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांत, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीत. प्लग काढताना सुटलेला कार्बनचा कपचा व्हॉल्व्हखाली अडकल्याचेही घडते. इथून पुढचे काम हेड उघडण्याच्या तयारीने असलेल्या मेकॅनिककडे द्यावे, आणि आपण लिहिलेला कागद सोबत द्यावा.

दोष सापडून दूर झाल्यावर कोड पुसावेत. तपासणीत बॅटरी सोडवली असेल तर संगणक स्लोची जुनी शिकवण विसरलेला असतो आणि पहिले काही किलोमीटर इंजिन थोडे अस्थिर राहू शकते. ते मिसिंग समजून पुन्हा बॉनेट उघडू नये. इंजिन पूर्ण तापल्यावर, किमान एका चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून गाडी चालवावी, परत येऊन स्कॅनरवर प्रलंबित कोड (नोंदले गेले पण अजून दिवा न पेटवलेले) पाहावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू करताना पुन्हा एकदा कान देऊन ऐकावे.